धूळपाटी : पेवातला कंदील आणि वाचकांचे इतर प्रश्न

सदराचं नाव ‘धूळपाटी’ का, असं गेल्या अंकानंतर चौघांनी विचारलं. मराठी विकिपीडियावर नवख्याला हात बसवायला जे कोरं पान मिळतं, त्याचं तिथलं नाव धूळपाटी. ज्यानं कुणी ते सुचवलं त्याला माझा नमस्कार. माझे आजोबा खऱ्या धूळपाटीवर शिकले. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. विकिपीडियावर गप्पाटप्पा आणि भांडणं यांच्यासाठी चावडी आहे. एकच काम न कंटाळता करणाऱ्या यंत्राला तिथे सांगकाम्या म्हणतात. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, हा मराठी संसार सुरू झाला. मी त्यात फार उशिरा शिरले. त्याआधी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं (प्रूफं) वाचली. तेव्हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये संपादक असायचा, खिळे जुळवणारा जुळारी असायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायला मी असायचे. आता लिहिणाऱ्यानं बटण दाबलं की मजकूर थेट जगापुढे. म्हणून तर तुमची एवढी पत्रं येतात.

प्रश्न : माझे वडील हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरायचं काम करायचे. आज ते ८४ वर्षांचे आहेत. त्यांना विचारून विचारून मी मराठी विकिपीडियावर पेवांबद्दल लिहिलं. तोंड केवढं, पोट केवढं, आत काय अंथरतात, उतरण्याआधी कंदील का सोडतात, सगळं. दोन दिवसांत निम्म्या वाक्यांना ‘संदर्भ हवा’ अशी शेपटी लागली. महिन्याभरानं ती वाक्यंच उडवली. उडवणारा पुण्यात बसतो, त्यानं जन्मात पेव पाहिलं नसेल. माझा बाप हा संदर्भ होत नाही का?
– एक वाचक, हरिपूर

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लहानपणी संगमेश्वराच्या दर्शनाला हरिपूरला यायचो, तेव्हा कृष्णा-वारणेचा संगम बघण्याआधी आम्हाला दम मिळायचा, ‘पेवाच्या तोंडाशी जाऊ नका.’ बाहेरून काय दिसायचं? जमिनीत एक भोक, माणूस जेमतेम मावेल एवढं. आणि त्याखाली अख्खी खोली. कंदील दोरीनं खाली सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, हे तुमच्या वडिलांनी सांगितलेलं मी माझ्या काकांकडूनही ऐकलंय. बंद पेवात हवा कोंदलेली असते. ज्योत जिथे जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. हे ज्याला रोज करावं लागलं त्याच्याइतकं ते कुणाला कळणार?

तरीही पुण्याच्या त्या माणसाची बाजू मला घ्यावी लागणार. रागावू नका.

मध्यंतरी एका गावच्या लेखात मला एक वाक्य सापडलं. शिवाजी महाराज अमुक घराण्याच्या वाड्यात तीन रात्री मुक्कामाला होते म्हणे. दाखला काय, तर ‘आमच्या आजीने सांगितले.’ त्याच लेखात त्या वाड्याच्या दरवाज्याचा फोटो होता. तो मोठा करून बघितला तर चौकटीवरच्या दगडात स्वच्छ कोरलेलं, शके १७९२. म्हणजे इसवी सन १८७०. आजी खोटं बोलली नसणार, तिनंही कुणाकडून तरी ऐकलेलंच सांगितलं. पण तुमचे वडील खरे आणि ती आजी चुकलेली, हे विकिपीडियावर बसलेल्या माणसानं ओळखायचं कसं? त्याच्यासमोर दोघंही सारखेच, न दिसणारे. म्हणून तिथला नियम असा की आधी कुठेतरी छापून किंवा प्रसिद्ध होऊन आलेलं आणि दुसऱ्याला उघडून बघता येईल असंच लिहायचं. स्वतःचं संशोधन तिथे पहिल्यांदा मांडायचं नाही. ज्ञान कमअस्सल आहे असा त्याचा अर्थ नाही, फक्त दार वेगळं आहे.

मग वडिलांचं सांगणं कुठे ठेवायचं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांचं काम बघा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आज त्या ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. ओवीखाली ती गाणारीचं नाव असतं, गाव असतं. त्या बायकांपैकी कितीजणींना लिहिता येत होतं? पण त्यांचं सांगणं नावागावासकट एका जागी नीट ठेवलं गेलं आणि आता कुणीही त्याचा दाखला देऊ शकतो. तुम्ही हेच करा, लहान प्रमाणावर. वडिलांना पेवाजवळ खुर्ची टाकून बसवा, फोन आडवा धरा आणि प्रश्न विचारा. ‘पेवाबद्दल सांगा’ असं विचारू नका, काही हाती लागणार नाही. ‘आत पहिला पाय कुठे टेकायचा?’ असं विचारा. ‘कंदील विझला तर त्या दिवशी काय करायचात?’ ‘पोतं वर ओढताना हाळी कोण द्यायचं?’ असे प्रश्न आले की माणूस हातवारे करायला लागतो आणि मग खरं निघतं. त्यावरून एक लेख लिहून जिल्ह्यातल्या एखाद्या दैनिकाला किंवा दिवाळी अंकाला द्या. तो छापून आला की त्याचा दाखला देता येईल. फक्त लेखाच्या चर्चापानावर सांगून टाका की लेख तुमचाच आहे, लपवाछपवी नको.

फोटोंचं मात्र वेगळं आहे. पेवाचं तोंड, दोरी, कंदील, वडिलांचे हात यांचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या कोठारात, आजच चढवता येतील. स्वतः काढलेल्या फोटोला छापील दाखला लागत नाही. लागते ती फक्त वडिलांची परवानगी, तीही आधी विचारा. २००५ च्या महापुरात पाणी शिरून किती पेवं गेली हे तुम्हाला मी सांगायला नको. जी उरली आहेत त्यांचे फोटो पुढच्या पावसाळ्याआधी काढा.

दाखल्यांसाठी आणखी दोन जागा सुचवते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मानांकनाच्या अर्जाचे कागद नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. ते उघडा. आणि जिल्हा ग्रंथालयात जाऊन गॅझेटिअरची हळदीची पानं काढा. ग्रंथपालाला चहा पाजा, पानं लवकर निघतात.

आणि उडवलेलं उडालेलं नसतं. लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं, तिथे टिचकी मारा. तुमचं प्रत्येक वाक्य, कोणत्या दिवशी किती वाजता लिहिलं त्यासकट, जागेवर आहे. तिथून उतरवून घ्या, दाखला जोडून पुन्हा टाका. ज्यानं उडवलं त्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहा. ‘पुण्यात बसून’ हे शब्द वगळून लिहा.

(एक चोरटा विचार. ‘चॅनलांचं पेव फुटलंय’ असं आपण उठता-बसता म्हणतो. म्हणणाऱ्यातल्या किती जणांना पेव म्हणजे काय ते ठाऊक असेल? तुमचा लेख त्यांच्यासाठी तरी पूर्ण करा.)

प्रश्न : मी कवी असून माझे चार संग्रह (स्वखर्चाने) प्रसिद्ध आहेत. विकिपीडियावर माझ्याविषयी कुणीच लिहीत नसल्याने मीच लेख लिहिला. तो दोनदा काढून टाकण्यात आला. तिसऱ्यांदा लिहू का?
– एक कवी, लातूर जिल्हा

उत्तर : नको. पाचवा संग्रह लिहा.

प्रश्न : सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यावर मी एक कविता लिहिली आणि फेसबुकवर टाकली. आठ महिन्यांनी तीच कविता आमच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, खाली नाव कुसुमाग्रजांचं! मी म्हटलं, ही माझी आहे, तर एक मैत्रीण म्हणते, ‘अगं, कुसुमाग्रजांची आहे, किती छान शैली आहे बघ.’ आनंद मानू की रडू? काही कायदा आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, कवितेची प्रत तुम्ही सोबत जोडलीत ते बरं केलंत. तिसऱ्या कडव्यात सासूबाई नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. मैत्रिणीला एवढंच कळवा.

कायद्याचं आधी सांगते. कविता लिहून झाली त्याच क्षणी तिचा हक्क तुमचा. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, खाली ‘सर्व हक्क राखीव’ असंही लिहावं लागत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तेव्हा कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण दावा कुणावर लावणार? ज्यानं पहिल्यांदा नाव बदललं तो सापडायचा नाही. आणि भिशीतल्या बायकांवर दावा लावलात तर पुढची भिशी तुम्हाला कोण देईल?

फेसबुकवरची तुमची मूळ नोंद मात्र पुसू नका, दुरुस्तही करू नका. तिच्यावरची तारीख हा तुमचा पुरावा. पुढे धाडलेल्या प्रतीखाली दर वेळी त्या नोंदीचा दुवा डकवा, एका ओळीत, न चिडता.

हे दुखणं नवं नाही, बरं का. आपल्या संतांनी नाव कवितेच्या खाली न टाकता आतच का विणलं असेल? नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे. ओवी-अभंग तोंडोतोंडी जायचे, म्हणजे त्या काळचे फॉरवर्डच. खालचं नाव गळून पडणार हे त्यांना ठाऊक होतं. शेवटच्या चरणात छंदात बसवलेलं नाव काढायचं तर चरण मोडतो. आणि तरी फसवणूक झालीच. दुसऱ्याचं ते आपलं म्हणून खपवणाऱ्या सालोमालोवर तुकोबांना अभंग रचावा लागला. उलटंही झालं, भलत्याच कुणी रचलेल्या ओळींना मागून ‘तुका म्हणे’ जोडलं गेलं आणि पुढच्या अभ्यासकांच्या डोक्याला ताप झाला. तुमच्या कवितेचं झालं ते यातलं दुसरं. थोर नाव लावलं की माल खपतो.

तेव्हा पुढच्या कवितेत नाममुद्रा घाला. मात्रेत बसत नसेल तर माहेरचं नाव घ्या.

प्रश्न : मी दुबईत असतो. सुट्टीत गावी आलो की फोटो काढतो. वाईच्या घाटाचा माझा फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर टाकला होता. यंदा तो एका छापखान्यानं कॅलेंडरवर छापून विकला. ना मला विचारलं, ना माझं नाव टाकलं. शिवाय चौकातल्या पुतळ्याचा माझा फोटो कॉमन्सवर राहिला, पण शेजारच्या भिंतीवरच्या चित्राचा काढून टाकला. हा काय न्याय?
– एक वाचक, दुबई

उत्तर : पहिल्या भागात थोडी चूक तुमची, बरीचशी छापखान्याची. कॉमन्सवर फोटो चढवताना तुम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडलात, त्यात फोटो कुणीही वापरावा, विकावा, त्यावर पैसे कमवावेत याला तुम्ही संमती दिलीत. ‘धंद्यासाठी नको’ अशी अट घातलेले फोटो कॉमन्स घेतच नाही. ती संमती आता मागेही घेता येत नाही. पण बदल्यात एक अट होती, छायाचित्रकाराचं नाव द्यायचं. ते त्यांनी दिलं नाही म्हणजे परवाना मोडला. तुमचा परवाना ४.० आवृत्तीचा असेल तर त्यात एक समजूतदार तरतूद आहे. चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर मोडलेला परवाना आपोआप पूर्ववत होतो. म्हणून वकिलाआधी पत्र धाडा. उरलेल्या प्रतींवर नावाची पट्टी चिकटवा म्हणावं. मी छापखान्यात होते, पट्ट्या चिकटवायला माणसं असतात. चुकलेल्या लग्नपत्रिकांवर रात्र रात्र हेच केलंय.

दुसऱ्या भागात आपला कायदाच तसा आहे. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचा, शिल्पाचा, इमारतीचा फोटो काढून तो प्रसिद्ध करायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही. भिंतीवरचं चित्र त्या सवलतीत येत नाही, तिथे चित्रकाराचा हक्क शाबूत राहतो. मला स्वतःला हा भेद पटलेला नाही. चौकात दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पावसात भिजतात. पण कॉमन्सवाल्यांनी कायद्याप्रमाणे केलं, मनमानी केली नाही.

प्रश्न : आमची घरगुती खानावळ आहे. इंटरनेटवर नकाशात आमच्या नावापुढे लोक तारे देतात. एकानं एक तारा दिला, कारण काय तर ‘सोलकढी संपली होती.’ दुसऱ्यानं एक तारा दिला तो आमच्या नावाच्या दुसऱ्याच खानावळीचा, त्यानं लिहिलंय ‘तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही.’ आमचं घर बैठं आहे! आता एक मुलगा आलाय, पैसे द्या, शंभर जणांचे पाच-पाच तारे टाकून देतो म्हणतो. मालक म्हणतात देऊन टाक. काय करू?
– एक खानावळवाली, दापोली

उत्तर : वहिनी, मालकांना म्हणावं, त्या पैशांची कोकमं आणा, म्हणजे सोलकढी संपणार नाही.

विकतचे तारे घेऊ नका. एक तर ते ओळखू येतात. एकाच आठवड्यात शंभर माणसं, सगळ्यांचं लिहिणं ‘नाईस फूड, गुड सर्व्हिस’, आणि त्यातल्या एकानंही आंबोळीचं नाव काढलेलं नाही. नकाशा चालवणाऱ्या कंपन्या असे शेरे झटक्यात पुसतात, कधी त्याबरोबर खरेही जातात. दुसरं म्हणजे ग्राहकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये मानकच काढलंय, आयएस १९०००:२०२२. ते पाळायची सक्ती नाही, पण पैसे देऊन लिहून घेतलेल्या शेऱ्याला त्यात थारा नाही, हे कागदोपत्री झालंय.

लिफ्टवाल्याचं सोपं आहे. त्या शेऱ्याशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवून तक्रार नोंदवा आणि कारण लिहा, ‘हा शेरा आमच्या जागेचा नाही.’ घराचा समोरून फोटो टाका, कौलं दिसतील असा. तरी पुसला नाही तर खाली उत्तर द्या, ‘आमचं घर बैठं आहे, जिना चढायचा असल्यास माळ्यावर चढवू.’ वाचणारा हसेल आणि तुमच्याकडे जेवायला येईल.

सोलकढीवाल्याला वेगळं उत्तर द्या, कारण तो खरं बोलतोय. मी लिहून देते, तसंच उतरवा : ‘तुम्ही आलात त्या दिवशी कढी दोन वाजताच संपली, चूक आमची. आता सकाळी जास्तीची करतो. पुन्हा आलात की पहिली वाटी तुम्हाला.’ बस्स. ‘आम्ही वीस वर्षं या धंद्यात आहोत’ वगैरे लिहू नका. एक तारा देणारा त्यानं विरघळत नाही, आणि ते उत्तर त्याच्यासाठी नसतंच, ते पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असतं.

आणि जेवून तृप्त झालेलं गिऱ्हाईक हात धुताना भेटलं की सरळ म्हणा, ‘आवडलं असेल तर लिहा हो, मराठीत लिहा.’ एवढं विचारायला लाजू नका. बदल्यात फुकट काही मात्र देऊ नका. बडीशेपेचं चालेल.

प्रश्न : मी सरकारी नोकरीत आहे. मी काही लिहीत नाही, फक्त लाइक करतो. त्यानंही गोत्यात येऊ शकतो का?
– नाव नको

उत्तर : एकेकाळी आला असतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं, आणि अटक दोघींना झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्या प्रकारावरून दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला अशा ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६ अ’ हे कलम घटनाबाह्य ठरून रद्द झालं. एप्रिल २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानंही म्हटलं की मजकूर लाइक करणं म्हणजे तो प्रसिद्ध करणं नव्हे. पुढे पाठवणं ही मात्र वेगळी गोष्ट. आणि बदनामीचं कलम कुठेही गेलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३५६ वं आहे. तुमच्या नोकरीचे वर्तणूक नियम याहून कडक असतील. ते तुमच्या आस्थापना शाखेत मिळतील, कधी नव्हे ते वाचून काढा.

प्रश्न : माझं वय ७१. मला लिहिता येत नाही, म्हणजे लेख-बिख जमत नाही. वाचायची आवड भरपूर. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता स्पष्ट दिसतं. मुलानं लॅपटॉप दिलाय. ‘आजी, तूही इंटरनेटवर काहीतरी टाक’ म्हणून नात मागे लागली आहे. मी काय टाकणार?
– एक आजी, परभणी

उत्तर : तुमच्यासारख्यांचीच मी वाट बघत असते. तुम्ही विकिस्रोतावर या.

तिथे हक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं ठेवतात. हिशोब सोपा आहे. लेखक ज्या वर्षी गेले त्यात ६० मिळवायचे आणि ते वर्ष सरलं की पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, १ जानेवारी २०११ पासून त्यांनी हयातीत छापलेलं सगळं खुलं झालं. पुस्तकाच्या पानाचा फोटो उजवीकडे असतो, डावीकडे यंत्रानं वाचून काढलेली अक्षरं. यंत्र शहाणं आहे, पण त्याला ‘ख’ दिसला की कधी ‘रव’ वाटतो, म्हणजे ‘खरा’ चा ‘रवरा’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये ते गोंधळतं, ‘भ’ चा ‘म’ करतं, त्यामुळे ‘भात’ खाता खाता ‘मात’ होते. पानाला शाईचा डाग असेल तर त्याचा अनुस्वार होतो. तुमचं काम एवढंच की उजवीकडे बघायचं आणि डावीकडे दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान लाल असतं. तुम्ही तपासलंत की ते पिवळं होतं. मग दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. आपलं पिवळं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही. छापखान्यातही असंच होतं, पहिलं मुद्रित एकानं वाचायचं, दुसरं दुसऱ्यानं.

एक सावधगिरी सांगते, ती माझ्या फजितीतून आलेली. मी तिथे नवी होते तेव्हा एक शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक हाती घेतलं. ‘केलें’, ‘नाहीं’, ‘त्यांनीं’, पानोपानी अनुस्वारांची रांगोळी. माझे हात शिवशिवले. शुद्धलेखनाचे नियम मला पाठ, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. चार रात्री बसून बेचाळीस पानांवरचे सगळे जुने अनुस्वार झाडून काढले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी चर्चापानावर निरोप होता, एका कॉलेजच्या मुलाचा. ‘मावशी, नियम १९६२ चे, पुस्तक १९१० चे. लेखकाने जसे छापले तसेच ठेवायचे असते. सगळे परत आणले आहे, रागावू नये.’ बेचाळीस पानं त्यानं ‘इतिहास’मधून पूर्ववत केली होती, दहा मिनिटांत. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल पेन चालवलं, आणि हा बावीस वर्षांचा पोरगा मला सांगतोय की पेन खाली ठेवा. दोन दिवस फणफणले. तिसऱ्या दिवशी त्याला उत्तर लिहिलं, ‘रागावले नाही.’ ते खोटं होतं. पण तो बरोबर होता.

तेव्हा पुस्तकात ‘नाहीं’ असेल तर ‘नाहीं’च ठेवा, हात कितीही शिवशिवला तरी. छापखान्याची चूक उघड दिसत असली तरी मुकाट्यानं सुधारू नका, चर्चापानावर नोंदवा.

नातीला सांगून खातं उघडून घ्या. नाव खरं द्यायची गरज नाही, टोपणनाव चालतं. फोन नंबर कुठेही लिहू नका. पहिल्या दिवशी एकच पान घ्या, मोठ्या टायपाचं, ओळी कमी असलेलं. देवनागरी टाइप करता येत नसेल तर तिथेच खिडकीत भाषा निवडायची सोय आहे, किंवा माउसनं फक्त चुकलेलं अक्षर खोडा आणि बरोबर अक्षर त्याच पानातून उचलून डकवा. हळू होतं, पण होतं. दुपारच्या चहापर्यंत एक पान सहज उरकेल.

पान पिवळं झालं की मासिकाच्या पत्त्यावर पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा तेवढा कळवा. हिरवं करायला मी येते.